खुबुसाचा युरोप आणि अजमानचं अंगण

साहेबांविषयी मी तोंड उघडलं की आमच्या मंडळातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागतात. "अगं, एवढं केलं त्यांनी तुझ्यासाठी!" केलं ना. नाही कोण म्हणतंय? माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा ह्याच माणसाने मला आपल्या कंपनीत चिकटवलं, व्हिसा काढून दिला, मुलीच्या शाळेत शब्द टाकला. अर्ध्या शारजाला विचारा, प्रत्येकाकडे अशी एक तरी गोष्ट निघेल. कुणाच्या बाळंतपणात रक्ताची सोय केली, कुणाचं प्रेत चिपळूणला पोचवलं, कुणाचा अडकलेला पासपोर्ट सोडवून आणला. सगळं खरं. तरीही सांगते, त्या माणसाने कुणावर उपकार केले नाहीत, त्याने मुलूख जिंकले. आणि हे मी मागे बोलत नाही, त्यांच्या तोंडावर बोललेली आहे.

दुबईतल्या अल क्वोजमध्ये आमचा कारखाना. दारं, कपाटं, हॉटेलांची काउंटरं असला माल. मी ॲडमिनमध्ये, आणि साहेब मालवाहतुकीचे प्रमुख. ट्रक त्यांचे, ड्रायव्हर त्यांचे, कामगारांना कॅम्पवरून ने-आण करणाऱ्या बसगाड्याही त्यांच्याच. शिक्षण मात्र इतिहासात एम.ए. तिकडे एका कॉलेजात तासांवर शिकवत होते. संस्थेने कायम करतो, कायम करतो म्हणत वर्षानुवर्षं झुलवलं, शेवटी चुलत्याच्या ओळखीने इकडे आले. ठेंगणे, नीटनेटके, भर उन्हाळ्यात गळ्याला टाय. बायको सांगलीला. ती इकडे का येत नाही, हे विचारायची छाती कुणाची नव्हती.

माणसाला नावाने हाक मारणं त्यांना माहीत नव्हतं. प्रत्येकजण म्हणजे त्याचं गाव. मी 'नाशिक'. आमचा स्टोअरकीपर 'फलटण'. मुख्य सुतार गंगाराम, तो 'गुहागर'. "काय फलटण, ताप उतरला का?" असं ऐकलं की नव्या माणसाला वाटायचं, तिकडे साथ आलीय की काय! आम्हाला सवय झाली होती. नकाशावर टाचण्या टोचाव्यात तसे आम्ही त्यांच्या डोक्यात बसलेले.

दुसरं वेड हवामानाचं. सकाळी गाडीतून उतरले की आधी आभाळाकडे बघणार. अल क्वोजमधून समुद्र कुठला दिसायला! दिसतात पत्र्याची शेडं आणि एसीचे पाइप. हे मात्र बोट ओलं करून वर धरायचे, वारा बघायचे आणि गेटवरच्या वॉचमनला सांगायचे, "आज समुद्र सपाट असणार. आज उतरले असते." नाहीतर, "आज नाही जमलं असतं. होड्या उलटल्या असत्या." नेपाळी वॉचमन बिचारा दोन्हीला सलाम ठोकायचा. उतरणार कोण आणि कुठे, हे कळायला साहेबांबरोबर जेवायला बसावं लागे.

जेवणाच्या सुट्टीत पँट्रीतल्या लांब टेबलावर त्यांचा दरबार भरायचा. खुबूस म्हणजे इकडची ती ताटाएवढी रोटी, ती साहेब टेबलावर कागद घालून पसरत. हा दुसऱ्या महायुद्धातला युरोप. त्याच्या कडेने डाळीचा एक ओघळ सोडायचा, ही इंग्लिश खाडी. पलीकडे कुणाच्यातरी डब्याचं झाकण उपडं ठेवायचं, ते इंग्लंड. मग खुबुसाचे लचके तोडत जेवण सुरू. पोलंड खलास. हॉलंड खलास. बेल्जियम, फ्रान्स, खलास. आणि तोंड भरलेलं असतानाच टेबलावरच्या नव्या माणसाला प्रश्न, "सांगा. सगळा युरोप गिळला. पोट तट्ट भरलंय. आता हे झाकण कशाला हवंय जर्मनीला?"

ही आमच्याकडची खरी मुलाखत. पुण्याहून आलेला पोरगेला इंजिनियर म्हणाला, "स्ट्रॅटेजिक लोकेशन, सर." साहेबांनी नुसती मान हलवली. केरळचा अकाउंटंट म्हणाला, कोळशासाठी. "कोळसा त्यांच्या घरात ढिगाने पडला होता!" कुणी म्हणायचं सोन्यासाठी, कुणी म्हणायचं आधीच्या महायुद्धाचा सूड. चूक, चूक, चूक. एकदा ट्रक ड्रायव्हर खान दारात उभा राहून चहा पीत होता. त्याला मजा वाटली. म्हणाला, "साब, पडोसी सलाम नहीं करता होगा." सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "खान, तू बैठ इधर," म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने त्याला फ्रान्सचा उरलेला तुकडा वाढला.

मग स्वतःचं उत्तर सांगायचे. ते सांगताना ह्या माणसाचा आवाज बदलायचा हो, खोटं कशाला बोलू? वर्गावर उभं राहिल्यासारखे ताठ व्हायचे. "फ्रान्स पडला तेव्हा जर्मनीला वाटलं, आता इंग्लंड तहाला येणार. का नाही येणार? तुझं साम्राज्य तुला, माझा युरोप मला. व्यवहाराची गोष्ट. इंग्लंड म्हणालं, नाही. आता म्हणू दे की! पण नाही. ते बेट जोवर 'नाही' म्हणतंय तोवर पॅरिसमधला माणूस चोरून रेडिओ लावणार. वॉर्सातला माणूस लावणार. त्याला वाटणार, नाही म्हणता येतं तर! उद्या दुसरं कुणीतरी येऊन त्याच बेटावर पाय रोवणार. पाठीमागे असा माणूस ठेवून पूर्वेकडे रशियावर कसं जाणार? त्यांना इंग्लंडची जमीन नको होती, नाशिक. त्यांना तो नकार बंद करायचा होता."

"मग झालं काय?" हा प्रश्न कुणीतरी विचारायचाच असे.

"काय होणार? नदीत माल वाहणाऱ्या होड्या गोळा केल्या. त्या समुद्रात चालतील न चालतील. आधी आभाळ ताब्यात पाहिजे होतं, ते मिळालं नाही. मग वारा, मग लाटा. पुढे ढकला, पुढे ढकला. खलास!" मग झाकण उचलून ज्याचं त्याला परत करायचे. "चूक एकच झाली. इंग्लंड तहाला येईल म्हणून वाट बघत बसले. वाट बघायची नसते."

मला तेव्हा वाटायचं, बरं आहे, एकेकाला असतो छंद. कुणी तिकिटं जमवतं, कुणी पत्ते पिसतं.

मंडळाचंही त्यांनी असंच केलं. परदेशात दोन मराठी माणसं भेटली की तीन मंडळं निघतात, हे काही नवीन नाही. इथेही होती. करामाचं वेगळं, शारजाचं वेगळं, विदर्भवाल्यांचं वेगळं. साहेबांनी एकेक करून सगळी आपल्या मंडळात विरघळवली. भांडून नव्हे हं. भांडणं हे हलक्या लोकांचं काम. हे मदत करायचे. शारजाच्या अध्यक्षांच्या मुलाला नोकरी लावून दिली, पुढच्या गुढीपाडव्याला शारजाचा बॅनर गेला. एका ड्रायव्हरचा बाप वारला तर हातात तिकीट ठेवून त्याच दिवशी त्याला विमानात बसवलं. तो दिवस-कार्य उरकून परत आला, पाया पडला, तिकिटाचे पैसे पुढे केले. साहेब म्हणाले, "पैसे राहू देत, मंडळाचा सभासद हो." तोही हसला, हेही हसले. पण फॉर्म भरून घेतल्याशिवाय त्याला सोडला नाही. आमच्या घरी येऊन बसायचे तर बसतानाच कळायचं. माझी मुलगी त्यांच्यासमोर काही बोलायची नाही, ते गेल्यावर म्हणायची, "मम्मा, व्हाय डज ही सिट ऑन अवर सोफा लाइक इट्स हिज?" मी तिला गप्प करायचे. पोर बरोबर बोलत होती.

एवढ्या सगळ्या मुलखात एक शारजापलीकडचं अजमान तेवढं राहिलं होतं.

अजमानला एक मावशी होत्या. मूळच्या चिपळूणकडच्या, एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसायच्या. त्यांचे यजमान एसी दुरुस्त करायचे. जुन्या वस्तीतला एक मोडका व्हिला त्यांनी भाड्याने घेतलेला, त्याला पुढे मोठं अंगण. त्यांच्या घरचा गणपती. त्या दहा दिवसांत जो रविवार येईल, त्या संध्याकाळी आसपासच्या कॅम्पांतले कोकणातले कामगार तिथे जमायचे आणि जाखडी नाचायचे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, मधे मृदंग आणि झांजा घेऊन गाणारे बसतात, भोवती गोल करून, एका पायात चाळ बांधून बाकीचे नाचतात. आधी गण, मग गवळण, मग एकाने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यात जवाब द्यायचा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बायका भिंतींवर ब्लँकेटं टांगायच्या. शेजारचे पठाण तरीही गच्चीवर येऊन बघायचे. मंडळ नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. मावशी मोदक करायच्या, विसर्जन मागच्या दारी पाण्याच्या पिंपात.

गाणारा बुवा म्हणजे आमचाच गंगाराम. गुहागरकडचा. बाप जाखडीचा मोठा बुवा, तो गेल्यावर गाण्यांचं सगळं बाड ह्याच्या डोक्यात आलं. पण ऐन गणपतीत आमच्याकडे हॉटेलांची कामं तुंबलेली असतात, त्याला रजा कधी मिळायचीच नाही. मला एकदा म्हणाला, "ताई, गावचा गणपती मी किती वर्सांत बघितला नाय, इचारू नका. पन हा एक रविवार हाय म्हनून बाकीचा वरीस निघतो बघा. हा गेला तर मंग हितं मशीन आनि मी, दोगं सारकेच." त्याने हे हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही.

कामगारांना त्या दिवशी कंपनीची बस न्यायची. साहेबच द्यायचे. ते आधी वाईट नव्हते असं म्हणा हवं तर.

बिघडलं कुठे, मला अगदी माहीत आहे. मावशींच्या यजमानांचं हार्टचं ऑपरेशन झालं. साहेब हॉस्पिटलात गेले, जाताना उशीखाली पाकीट ठेवून आले. चार दिवसांनी मावशी स्वतः बस बदलत बदलत अल क्वोजला आल्या. रिसेप्शनवर माझ्यासमोरच त्यांनी साहेबांच्या हातात पाकीट दिलं, वर खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. "आमचं भागलं हो. तुम्ही आठवण ठेवलीत, बरं वाटलं." पाकीट उघडलेलंसुद्धा नव्हतं. साहेबांनी ते टायमागे खिशात ठेवलं. वड्या ऑफिसात वाटल्या. स्वतः एकही खाल्ली नाही.

त्या वर्षी श्रावणात ते मला आणि मंडळाच्या खजिनदारांना घेऊन अजमानला गेले. पेढ्यांचा मोठा बॉक्स. मावशींनी अंगणात खुर्च्या टाकल्या.

"मावशी, यंदा तुमची पोरं आमच्या स्टेजवर. दुबईत. एसी हॉल, लाइट, साउंड, जेवण. बस माझी. दहा मिनिटांचा स्लॉट ठेवलाय."

"दहा मिनिटांत आमचा गणसुद्धा होत नाही, भाऊ."

"पंधरा घ्या."

"नको."

"अहो, सहाशे माणूस बघेल तुमची कला!"

"बघायला कुठे नाचतात ती?" मावशी म्हणाल्या. "नाचायला नाचतात. इथे बरं चाललंय."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "बरं. इथेच करा. पण काय कमी पडतंय ते सांगा. साउंड पाठवतो. खुर्च्या? जेवण? तुम्ही फक्त सांगा, मावशी."

"काही नाही हो. चहा घ्या, गार होतोय."

परतीच्या वाटेवर नेहमीसारखा ट्रॅफिक. शारजाजवळ साहेबांनी काच खाली करून आभाळ बघितलं. मग म्हणाले, "नाशिक, बाईला नक्की काय हवं असेल?"

"काही नको असेल."

"असं कुणी नसतं," ते म्हणाले, आणि हॉर्न दाबला.

गणपतीतल्या त्या रविवारी कंपनीची बस सर्व्हिसिंगला गेली. एक नव्हे, तिन्ही. कामगार दुपारपासून कॅम्पच्या गेटवर आंघोळी करून, स्वच्छ कपडे घालून उभे. पिशव्यांत चाळ, गळ्यात मृदंग. आमच्या अल क्वोजपासून अजमान म्हणजे रविवारी संध्याकाळी समुद्र ओलांडण्यासारखंच आहे, ज्याने तो रस्ता पाहिलाय त्याला विचारा. आणि ऐका आता. कुणी मेट्रोने गेलं, कुणी तीन बस बदलल्या, कुणी टॅक्सीत पाचजण कोंबून. मावशींच्या ऑपरेशन झालेल्या यजमानांनी आपली एसीची व्हॅन काढून दोन खेपा केल्या. मृदंगवाला शारजापर्यंत एका भाजीच्या पिकअपमध्ये कोबीवर बसून आला. मी मुलीला घेऊन गेले होते. उशीर झाला होता, पण गण सुरू झाला आणि गंगारामने पहिला आवाज लावला. बाई गं! काय सांगू? एरवी मान खाली घालून दाराला बिजागऱ्या बसवणारा हा माणूस, त्याच्या गळ्यातून ते एवढं कुठून येत होतं? नाचणाऱ्यांचे पाय एकदम पडत होते, जमिनीतून आवाज वर येत होता. माझी मुलगी, जिला मराठीत दोन वाक्यं बोलायला सांगितली की पोटात दुखतं, ती मोबाइल पर्समध्ये टाकून बघत राहिली. गाताना गंगारामचे डोळे भरले होते आणि तो ते पुसतही नव्हता. मला रडू आलं, लपवू कशाला?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गेटवर बोट वर धरलंच नाही. सरळ माझ्या टेबलाशी आले. "किती आले होते?"

"सगळे."

"सगळे?"

"आणि शारजाची पाच-सहा कुटुंबंसुद्धा. म्हणाली, पुढच्या वर्षी हॉलला यायच्या ऐवजी इथेच येतो."

हे मी मुद्दाम सांगितलं. मला वाटलं, ऐकून शहाणे होतील. गाढवापुढे वाचली गीता!

त्यानंतर पँट्रीत तो खुबूस पुन्हा पसरला गेला, पण प्रश्न विचारायची त्यांची लय गेली होती. एक दिवस नवं कुणी नव्हतं, टेबलावर मी, फलटण आणि खान. मीच म्हटलं, "साहेब, आज मी सांगू? जर्मनीला वाटलं, नाही म्हणणारा माणूस घासाघीस करतोय. भाव वाढवला की येईल. समोरच्याला खरंच काही नको असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. तुमच्याही येत नाहीये. तुम्ही माणसाला मदत करत नाही साहेब, तुम्ही त्याच्यावर झेंडा लावता. मावशींनी जागा दिली नाही लावायला, म्हणून झोंबतंय. त्या आपल्या घरी मोदक करतात, तुमच्या वाटेत कुठे आल्या? सोडा ना!"

फलटणने घास तसाच हातात धरला. माझा व्हिसा ह्या माणसाच्या ओळखीवर उभा होता. साहेब चिडले नाहीत. शांतपणे झाकण उचललं, त्याखालचं डाळीचं पाणी टिश्यूने पुसलं.

"बरोबर आहे तुझं," म्हणाले. "पण एक फरक आहे. जर्मनीला पाणी ओलांडता आलं नाही."

उन्हाळ्यात मावशींचा फोन आला. "अगं, मालकाने घर सोडायला सांगितलंय. करार संपतोय, दुसरं कुणीतरी जास्त देतंय म्हणे. ह्या मोडक्या घराला जास्त देणारा कोण निघाला गं?"

मला विचारावं लागलं नाही. मंडळात भाड्याच्या घरांची दलाली करणारा एक सभासद होता. त्याच्या बायकोला नोकरी कुणी लावली होती, हे सांगायला नको. साहेबांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा ते 'अजमान शाखा' लिहिलेल्या बॅनरचे रंग निवडत होते.

"तुम्ही घेतलंत ते घर?"

"मंडळातर्फे. एका सभासदाच्या नावावर. त्यांच्याच भल्यासाठी, नाशिक! बाईंना शाखाध्यक्ष करतोय. पुढच्या दोन खोल्या त्यांना, भाडं नाही, दुरुस्ती आपली. त्यांचा गणपती आहे तिथेच बसेल. एक पैशाची तोशीस नाही. आता सांग, नाही म्हणायला कारण काय उरलं?" चेहरा इतका प्रसन्न होता! लग्न जमवल्यासारखा. मला त्या माणसाची तेव्हा जितकी किळस आली तितकीच कीवही आली, कारण त्याला खरंच वाटत होतं की ती बाई आता त्याचे आभार मानणार.

हार-नारळ घेऊन तेच गेले. मला मुद्दाम बरोबर नेलं. मावशींनी सगळं उभ्यानेच ऐकलं. शाखाध्यक्ष, दोन खोल्या, दुरुस्ती. पाठीमागे त्यांचे यजमान भिंतीवरून घड्याळ उतरवत होते.

"ह्यांना घेऊन कधीतरी गावाला जायचंच होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता जातो."

"अहो, पण कशाला? मी म्हणतोय ना, राहा! कोण काढतंय तुम्हाला?"

"तुम्ही घेतलंत ना? मग तुमचं झालं." त्यांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "मोरीतला नळ जपून उघडा. वायसर गेलाय."

साहेब किल्ली घेऊन उभे. हार माझ्या हातात राहिला, तो मी गाडीच्या मागच्या सीटवर टाकला. रस्ताभर ते एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने बोलत होते. "येतील. चार दिवस रागावतील, मग येतील. नाचणारी पोरं इथे आहेत त्यांची. पोरांसाठी तरी येतील." मावशी आणि त्यांचे यजमान पंधरवड्यात चिपळूणला गेले. त्यांना पोचवायला विमानतळावर गंगाराम गेला होता. दुसऱ्या दिवशी कामावर आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाल्या रे मावशी?" म्हणाला, "काय नाय. म्हनाल्या गानी इसरू नको." मग त्याने मशीन चालू केलं, त्या आवाजात पुढचं काही बोलता येत नव्हतं.

आणि आला गणपतीतला रविवार. ह्या वेळी तिन्ही बसगाड्या धुवून-पुसून कॅम्पच्या गेटवर हजर. गंगाराम साहेबांच्या केबिनमध्ये गेला होता, "यंदा आमी नाय येत," एवढंच सांगायला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "गुहागर, सगळ्यांची नावं एचआरला दिलीत मी, सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. मालकांनाही कळवलंय. आता मागे घेतलं तर कंपनीत बरं दिसणार नाही." पुढच्याच महिन्यात निम्म्या सुतारांचे करार नवे व्हायचे होते. हे साहेबांनी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती. गंगाराम चहा न पिता बाहेर आला.

त्याच अंगणात स्टेज. भिंतींवरची ब्लँकेटं गेली, साहेबांच्या फोटोचा बॅनर आला. पुढे सोफा, मागे खुर्च्यांच्या रांगा, कूलरचे पंखे घोंघावत होते. साउंडवाल्या पोराने गाणाऱ्यांना मधून उठवलं. म्हणे, "भाईसाब, बीच में बैठोगे तो माइक नहीं पहुँचेगा." त्यांना एका कडेला उभं केलं, आणि नाचणारे लोकांकडे तोंड करून रांगेत. मधली जागा रिकामी. गंगारामने एकदा त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि गण सुरू केला.

पंधरा मिनिटं अगदी बिनचूक झाली. एक शब्द चुकला नाही, एक पाऊल चुकलं नाही. आवाज तोच होता, पण त्यात काही नव्हतं हो. टाळ्या पुष्कळ पडल्या. मंडळातल्या बायका म्हणाल्या, "किती छान ना!" माझी मुलगी म्हणाली, "मम्मा, इज दिस द सेम वन?" साहेब पहिल्या सोफ्याच्या अगदी कडेवर बसले होते. सबंध वेळ त्यांचे डोळे गंगारामच्या चेहऱ्यावर. काहीतरी शोधत होते तिथे. एवढा खटाटोप ज्यासाठी केला ते आता मिळेल, मग मिळेल, असे बघत होते. गवळण संपायच्या आतच उठले, शाल आणि नारळ घेऊन स्टेजवर चढले. गंगारामच्या खांद्यावर शाल घातली. त्याचे दोन्ही हात धरले. आवाज भरून आला होता, ढोंग नव्हतं ते. माइकवर म्हणाले, "बोल. आज तुला काय हवं ते माग. सगळ्यांसमोर माग."

गंगारामने हात सोडवून घेतले, शालीची घडी केली आणि ती काखेत धरली.

"काय नको, साहेब. फकस्त ह्यो टाइम ओव्हरटाइममधी धरा. पोरं इचारत होती."

माइकमुळे ते थेट गेटवरच्या ड्रायव्हरांपर्यंत ऐकू गेलं. साहेबांचे हात अजून पुढेच होते. हसायचा प्रयत्न करत, जणू ह्याने गंमत केली असावी अशा आशेने, ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. गंगाराम थांबला होता. कारखान्यात सुट्टी मागताना थांबतो, तसाच.

"धरतो," साहेब म्हणाले.

"बरं झालं." गंगारामने वाकून पायापाशी ठेवलेल्या झांजा उचलल्या आणि मागे वळून पोरांना हाक दिली, "चला रे. ड्युटी संपली."